पाच सुरांची वाट

मुंबईहून पुण्याला जाताना खालापूरचा टोलनाका जवळ आला की गाडीचा वेग मंदावतो, आणि माझ्या मनात दर वेळी तेच पाच सूर उमटतात. गाडीतल्या गप्पांतून मी थोडा वेळ बाहेर पडतो आणि खिडकीतून डोंगर न्याहाळतो. याच परिसरात, हाळ नावाच्या गावी, १९७७ च्या फेब्रुवारीत माणसांचा मोठा जमाव जमला होता आणि तेच पाच सूर पुन्हा पुन्हा गात होता. तेव्हा हा द्रुतगती मार्ग नव्हता. जिल्ह्याला रायगड हे नाव मिळायचं होतं. तो अजून कुलाबाच होता. नुकतीच तिशी गाठलेले स्टीव्हन स्पीलबर्ग ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ या चित्रपटातला भारतातला प्रसंग चित्रित करण्यासाठी इथे आले होते. कॅमेऱ्यामागे डग्लस स्लोकोंब होते. समोर क्लोद लाकोंब या शास्त्रज्ञाच्या भूमिकेत साक्षात फ्रान्स्वा त्रुफो, म्हणजे फ्रेंच सिनेमाला नवं वळण देणाऱ्या दिग्दर्शकांपैकी एक.

पडद्यावर हे ठिकाण उत्तरेतलं धरमशाला म्हणून दाखवलं आहे, पण माती आपल्याकडची आहे. जमाव गातो आहे. आकाशातून आलेले सूर लोकांनी ऐकले आहेत आणि तेच ते घोळवत बसले आहेत. पाहुणे माइक धरून टेप फिरवतात. मग जमावाला विचारलं जातं, हे सूर आले कुठून? क्षणभर शांतता. आणि एकाच वेळी शेकडो हात वर जातात, शेकडो बोटं आकाशाकडे रोखली जातात.

विज्ञानपटांच्या इतिहासातला हा एक अविस्मरणीय क्षण आहे. तो पाहिला त्या दिवसापासून मी या चित्रपटाच्या संगीताची वाट पाहत आलो आहे. ‘वाट पाहत’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. संगीत तर चित्रपटाबरोबर त्याच वर्षी तबकडीवर आलं होतं. तरी ते पुरतं हाती यायला चाळीस वर्षं लागली. ती चाळीस वर्षं जगभरच्या चाहत्यांनी कशाच्या आशेवर काढली, आणि त्यांना नेमकं हवं तरी काय होतं, ते या लेखात सांगायचं आहे.

रे ग सा, सा प

घरात पेटी असेल तर हे सूर वाजवून पाहता येतील. पांढरी एकचा सा धरा. वरच्या सप्तकातला रे, मग ग, मग सा. तिथून एकदम खाली उतरून मधल्या सप्तकातला सा, आणि शेवटी प. पाचही स्वर शुद्ध, भूपात सहज मावणारे. पण चाल संपते ती पंचमावर. षड्जावर येऊन ती विसावत नाही. कुणीतरी दारावर हाक मारावी आणि आतून ओ येईपर्यंत उंबऱ्यापाशी थांबावं, तशी ती पंचमावर थांबते.

हे थांबणं आपोआप आलेलं नाही. चित्रपटाच्या शेवटी माणूस आणि परग्रहवासी एकमेकांशी बोलणार, आणि बोलणार ते सुरांतून, हे पटकथेतच ठरलेलं होतं. त्यामुळे चित्रीकरणाआधी चाल तयार हवी होती. कॅमेऱ्यासमोर ती वाजायची होती. स्पीलबर्गना पुरी धून नको होती, नुसती हाक हवी होती. पाच सुरांत अशी हाक बसवणं किती अवघड आहे ते चित्रपटाचे संगीतकार जॉन विल्यम्सना ठाऊक होतं, कारण पाच सूर गाणं व्हायला अपुरे पडतात आणि निव्वळ इशारा म्हणून जास्त होतात. विल्यम्सनी शेकडो जुळण्या लिहून पाहिल्या. दोघांनी बसून त्या चाळल्या, आणि एका जुळणीभोवती पुन्हा पुन्हा घोटाळत अखेर तिच्यावरच बोट ठेवलं.

चित्रपटात लाकोंब ही चाल हातांनीही दाखवतो. प्रत्येक सुराला हाताची एक खूण. ही पद्धत मूळ एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधली, जॉन कर्वेन यांची. पुढे हंगेरीचे संगीतकार झोल्टान कोडाय यांच्या शिक्षणपद्धतीतून ती जगभरच्या शाळांत पोचली. लहान मुलाला सूर दिसावा म्हणून केलेली ही सोय. भारतातून आणलेली टेप लाकोंब सभागृहातल्या लोकांना ऐकवतो आणि मग हातांनी त्याच सुरांच्या खुणा करून दाखवतो. चित्रपटाची सगळी गाठ इथे बसते: आपल्या माळावर ध्वनिमुद्रित झालेला आवाज एका टेपवरून जगापुढे जातो आणि त्यातून संवादाची भाषा सापडते. टेप पुढेही या गोष्टीत येणार आहे.

शेवटच्या मोठ्या प्रसंगात पर्वताच्या पायथ्याशी तळ उभारलेला असतो. हा भव्य सेट अलाबामातल्या मोबील शहरात, विमानांच्या एका जुन्या हँगरमध्ये उभा केला होता. तिथे जो अवाढव्य सिंथेसायझर दिसतो तो एआरपी कंपनीचा २५०० हे मॉडेल. तो बसवून द्यायला आलेले कंपनीचे अभियंते फिलिप डॉड्स यांनाच वाजवणाऱ्याच्या भूमिकेत घेतलं गेलं. माणसं चाल वाजवतात. वर तरंगणारं प्रचंड यान गप्प. पुन्हा वाजवतात. आणि मग यान शेवटचे दोन सूर स्वतः उच्चारतं, इतक्या जोरात की तळावरच्या काचा फुटतात. यानाचा तो आवाज म्हणजे ट्यूबा हे भलंमोठं पितळी वाद्य, जिम सेल्फ यांनी वाजवलेलं. पहिले तीन सूर माणसाचे, शेवटचे दोन समोरच्याचे. हाक पुरी झाली. नंतर प्रश्नोत्तरांचा वेग वाढत जातो, सवाल-जवाब रंगावा तसा, आणि अखेर माणसांचे हात मागे पडून संगणक संभाषण हाती घेतो.

एकेचाळीस मिनिटं

१९७७ हे विल्यम्स यांचं वर्ष होतं. मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ आला आणि त्याच्या संगीताची जोडतबकडी घराघरांत गेली. नोव्हेंबरात ‘क्लोज एन्काउंटर्स’ आला. दोन्ही चित्रपटांच्या संगीताला ऑस्करचं नामांकन होतं. पुढच्या एप्रिलमध्ये ऑस्कर ‘स्टार वॉर्स’ला गेलं, ‘क्लोज एन्काउंटर्स’नं छायाचित्रणाचं पारितोषिक मिळवलं, ते व्हिल्मॉश झिगमंड यांच्यासाठी. मात्र १९७८ या वर्षाच्या ग्रॅमी पारितोषिकांत चित्रपटसंगीताच्या अल्बमचा मान ‘क्लोज एन्काउंटर्स’ला मिळाला.

तो अल्बम अरिस्टा कंपनीनं काढला होता. दहा तुकडे, दोन बाजू, सुमारे ४१ मिनिटं. चित्रपट होता १३५ मिनिटांचा. एवढं कमी का, याचं एक कारण तबकडीच्या रचनेतच आहे. लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांपर्यंत आवाज छान भरतो. त्याहून जास्त भरायचं तर खाचा एकमेकींच्या जवळ आणाव्या लागतात, आवाज बारीक होतो, खर्जाचे सूर मरतात. ज्या संगीतात ट्यूबाच्या हुंकारानं काचा फुटतात, त्याला हे परवडणारं नव्हतं.

दुसरं कारण संगीतकाराच्या दृष्टीतलं होतं. विल्यम्स अल्बमकडे मैफल म्हणून पाहत आले आहेत. चित्रपटातल्या प्रसंगांच्या क्रमाला बांधून न घेता ते तुकडे निवडतात, जोडतात, काही नव्यानं बांधतात. इथेही पहिल्याच तुकड्यात चित्रपटाच्या आरंभीच्या प्रकाशझोताला पुढच्या पर्वतदर्शनाचं संगीत जोडलेलं होतं. सवाल-जवाबाचा प्रसंग ‘द कॉन्व्हर्सेशन’ नावानं दोन-सव्वादोन मिनिटांत आटोपला होता. पडद्यावर तो बराच लांब चालतो. आणि हाळ गावच्या त्या समूहगानाला तबकडीवर जागाच नव्हती.

मामांच्या घरी व्हिडिओ कॅसेटवर हा चित्रपट मी शाळेत असताना पाहिला. पुढे आतेभावानं परदेशातून ती तबकडी आणली. सुई टेकवली तेव्हा आनंदानं छाती भरून आली, आणि दुसरी बाजू संपता संपता एक चुटपुट लागली. लहानग्या बॅरीला घरातून ओढून नेतात त्या प्रसंगाचं संगीत होतं. पण त्याच्या आधीचं, मनात भीती हळूहळू साचवत नेणारं संगीत कुठे गेलं? चित्रपटाचा नायक रॉय निअरी ट्रक घेऊन रेल्वे फाटकाशी थांबतो तेव्हापासून डोंगराचं मातीचं शिल्प दिवाणखान्यात उभं करीपर्यंत त्याच्या डोक्यात जे चाललेलं असतं, ते सगळं वाद्यवृंद सांगत होता. तबकडीवर त्यातले मोजकेच क्षण होते.

दुसरा आधार होता नव्यानं वाजवून केलेल्या ध्वनिमुद्रणांचा. त्यातलं एक आपल्याला अभिमान वाटावा असं आहे. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता तेव्हा लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक होते. त्यांनी ‘स्टार वॉर्स’ आणि ‘क्लोज एन्काउंटर्स’ यांच्या संगीतमालिका डेका कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केल्या. शास्त्रीय वाद्यवृंदाच्या एवढ्या मोठ्या नावानं चित्रपटसंगीताला मैफलीचा दर्जा द्यावा, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. हाळच्या माळावर चित्रण झालेल्या चित्रपटाचं संगीत मुंबईकर पारशी संगीतकाराच्या हातांखाली वाजलं. ती तबकडी ऐकताना या दोन टोकांच्या मधोमध मुंबई-पुणे रस्ता मला दिसत राहतो.

चाहत्याला काय हवं असतं

बाहेरून पाहणाऱ्याला हा सगळा हट्ट वाटतो. गाणी ऐकली, मुख्य धून ऐकली, आणखी चाळीस मिनिटांनी काय बिघडतं? मी स्वतःला हा प्रश्न अनेकदा विचारला आहे आणि उत्तर प्रत्येक वेळी तेच मिळालं आहे. चाहत्याची मागणी मिनिटांची दिसते, पण त्याला संगीतकाराचा विचार पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकायचा असतो.

‘क्लोज एन्काउंटर्स’च्या संगीतात हा विचार अगदी उघड आहे. सुरुवातीला काळा पडदा. तारवाद्यांचा एक धूसर, दाट होत जाणारा स्वरपुंज वर वर चढत जातो, आणि सबंध वाद्यवृंदाच्या एका कडकडाटासरशी पडदा पांढराशुभ्र होतो, वाळवंटातली धूळ दिसते. इथून पुढे बराच वेळ कानाला धरायला धूनच नाही. आवाज एकमेकांवर घासतात, गायकवृंद शब्दांविना कुजबुजतो, लिगेती आणि पेंडेरेत्स्की यांच्या संगीताची आठवण होते. अज्ञाताची भीती विल्यम्सनी अशी बेसूर वाटणाऱ्या सुरांत ठेवली. डोंगराच्या ध्यासाला एक छोटी चार सुरांची आकृती दिली. मृतांसाठीच्या जुन्या लॅटिन प्रार्थनेतल्या ‘दिएस इरे’ची चाल जाणकारांना त्यात ओळखू येते. पाच सुरांची हाक अधूनमधून अर्धीमुर्धी डोकावते. माणूस उत्तर द्यायला शिकतो तेव्हा ती स्थिर होते. आणि शेवटी, पाहुणे समोर उभे राहतात तेव्हा, तेच आधीचे घाबरवणारे स्वरपुंज हळूहळू उजळत मोकळ्या, गाता येण्याजोग्या स्वरांत विरघळतात.

भीतीपासून ओळखीपर्यंतचा हा प्रवास म्हणजेच या चित्रपटाचं म्हणणं. एकेचाळीस मिनिटांत त्याची सुंदर छायाचित्रं होती, प्रवास मात्र नव्हता. दीर्घ ख्यालाचा विस्तार कापून नुसती द्रुत बंदिश ऐकवली तर ती गोड लागेलच. पण ती जिथून आली तो आलाप ऐकलेल्याला त्या गोडीची खरी किंमत कळते.

वाट पाहणारे फक्त याच चित्रपटाचे चाहते नव्हते. १९८२ च्या ‘ब्लेड रनर’च्या श्रेयनामावलीत पॉलिडोरच्या संगीत अल्बमचा उल्लेख होता. तो अल्बम आलाच नाही. त्याऐवजी दुसऱ्याच वाद्यवृंदानं वाजवलेली आवृत्ती विकली गेली. व्हँगेलिसनी लंडनच्या नेमो स्टुडिओत यामाहा सीएस-८० या सिंथेसायझरवर घडवलेलं मूळ संगीत अधिकृतपणे यायला १९९४ उजाडलं. मधल्या काळात चाहते चोरट्या सीड्यांवर गुजराण करत होते. २००७ मध्ये तीन सीड्यांचा संच आला, तरी चित्रपटातलं सगळं त्यात नव्हतं. २०२२ च्या मे महिन्यात व्हँगेलिस गेले, आणि त्या वाट पाहण्याला दुःखाची किनार आली. जेरी गोल्डस्मिथ यांच्या ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’ची कथा जास्त सुखाची आहे. १९७९ ची तबकडी, १९९८ ची वाढीव सीडी, आणि २०१२ मध्ये ला-ला लँड रेकॉर्ड्सनं काढलेला तीन सीड्यांचा संच. तिथेही तेहतीस वर्षं गेली. वर्धापनदिन जवळ आला की चाहत्यांच्या आशा पालवतात. बातमी आली की यादी वाचली जाते, प्रत्येक तुकड्याची मिनिटं-सेकंद जुन्या आवृत्तीशी ताडून पाहिली जातात, कुठला प्रसंग अजून सुटला आहे यावर रात्र रात्र बोलणं होतं.

तिजोरीतल्या टेप्स

आवृत्ती वाढवायची म्हणजे काय करायचं, हे मी हळूहळू शिकलो, आणि शिकत गेलो तशी माझी अधीरता आदरात बदलली.

चित्रपटाचं संगीत तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रित होतं. प्रत्येक तुकड्याला क्यू म्हणतात. त्याला क्रमांक असतो: आधी रिळाचा आकडा, मग ‘एम’ हे अक्षर, मग त्या रिळातला क्रम. तिसऱ्या रिळातला पहिला तुकडा म्हणजे ‘थ्री एम वन’. प्रत्येक क्यूचे अनेक टेक असतात. कुठला टेक चांगला, कुठे शिंग किंचित घसरलं, कुठे संगीतकारानं मध्येच चार मात्रा बदलल्या, हे टेपवर आणि सोबतच्या कागदांवर नोंदलेलं असतं, किंवा नसतं. चित्रपटाचं संकलन शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलत राहतं, त्यामुळे पडद्यावर जे ऐकू येतं ते कधी दोन टेक जोडून केलेलं असतं, कधी तिसऱ्याच प्रसंगाचं संगीत तिथे आणून लावलेलं असतं. चाळीस वर्षांनी हे सगळं उलगडायचं म्हणजे जुन्या वाड्याच्या हक्काचे कागद वाचण्यासारखं काम आहे.

आधी टेप सापडायला हवी. कंपन्या विकल्या जातात, गोदामं बदलतात, खोक्यांवरची चिठ्ठी एक आणि आतली रीळ दुसरी असते. अरिस्टा सुरुवातीला कोलंबिया पिक्चर्सच्या मालकीची होती; १९७९ मध्ये ती दुसऱ्या हातात गेली. चित्रपट एका घरात आणि तबकडी दुसऱ्या घरात, अशी वाटणी झाली की पुढच्या पिढीला दोन्ही दारं ठोठवावी लागतात.

टेप सापडली तरी ती लगेच लावता येत नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून वापरात आलेल्या काही टेप्सवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ हवेतली आर्द्रता शोषतो. अशी टेप यंत्रावर चढवली तर ती चिकटते, किंचाळते, थर खरवडला जातो आणि संगीत कायमचं नष्ट होऊ शकतं. उपाय विचित्र वाटेल असा आहे: टेप भाजायची. साधारण पन्नास अंश सेल्सियसच्या सौम्य उष्णतेत ती कित्येक तास ठेवली की ओल निघून जाते आणि थोडा काळ ती वाजण्याजोगी होते. तेवढ्या अवधीत तिची डिजिटल प्रत काढून घ्यायची. कोकणातल्या बाईनं पावसाळ्याआधी पापड-कुरडया उन्हात घालाव्यात आणि ढग येण्याआधी उचलाव्यात, तशी ही घाई असते.

मग पैशाचा प्रश्न. अमेरिकेत चित्रपटासाठी वाजवलेलं संगीत तबकडीवर आणायचं तर वादकांना पुन्हा मोबदला द्यावा लागतो, हा त्यांच्या संघटनेचा नियम आहे. मोठ्या वाद्यवृंदात ऐंशी-नव्वद वादक असले की हा खर्च जड होतो, आणि म्हणून कित्येक वर्षं कंपन्या जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचं संगीत बाहेर काढत. चाहत्याला हा नियम अडसर वाटू शकतो. मला तो न्यायाचा वाटतो. ज्यांच्या श्वासावर तो ट्यूबा बोलला, त्यांना त्यांचं मिळालंच पाहिजे. पुढे छोट्या, मर्यादित प्रतींच्या आवृत्त्या काढणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. मोजके, पण खात्रीचे गिऱ्हाईक धरून त्या हे गणित जमवतात.

आणि शेवटी संगीतकाराचा होकार. विल्यम्स आपल्या जुन्या कामाकडे काटेकोर नजरेनं पाहतात. काय बाहेर यावं, कुठल्या रूपात यावं, याला त्यांची संमती लागते. इथे संपादकाची कसोटी असते. माइक मॅटेसिनो यांनी विल्यम्स यांच्या अनेक संगीतांच्या संपूर्ण आवृत्त्या अशाच धीरानं सिद्ध केल्या आहेत. संगीतकाराचा विश्वास आणि चाहत्याची भूक, दोन्ही सांभाळणारी अशी माणसं पडद्याआड असतात, म्हणून आपल्यापर्यंत काही पोचतं.

एकवीस वर्षं, मग एकोणीस वर्षं

१९९८ मध्ये स्पीलबर्गनी चित्रपटाची तिसरी आवृत्ती सिद्ध केली आणि त्याच सुमारास अरिस्टानं वाढीव सीडी काढली. तबकडीच्या दोन बाजूंची मर्यादा गेली होती. सीडीवर सव्वा तासाहून जास्त भरता येत होतं. सव्वीस तुकडे, सुमारे ७७ मिनिटं, आणि क्रम चित्रपटाचा. मी ती काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतली. घरी येऊन दिवे मालवून ऐकली. पहिला तुकडा फक्त काळा पडदा ते प्रकाशझोत एवढाच. पुढे काही जोडलेलं नाही. कडकडाट झाला आणि थांबला. त्या शांततेत मला मामांचा दिवाणखाना दिसला. ‘वाइल्ड सिग्नल्स’ या नावानं सवाल-जवाब पुरता ऐकायला मिळाला, ट्यूबा आणि सिंथेसायझरच्या सगळ्या फेऱ्यांसकट.

आणखी एक गाठ सुटली. ‘पिनोकिओ’ या १९४० च्या डिस्नेपटातलं ताऱ्याकडे इच्छा मागणारं गाणं स्पीलबर्गच्या मनात या कथेशी पहिल्यापासून जोडलेलं होतं. १९७७ च्या ऑक्टोबरात डॅलसला झालेल्या पूर्वप्रदर्शनानंतर त्यांनी ते शेवटातून काढलं. १९८० च्या विशेष आवृत्तीत त्याची धून वाद्यवृंदातून परत आली. विल्यम्सनी ती धून आपल्या पाच सुरांशेजारी किती हळुवारपणे आणून ठेवली आहे, ते वाढीव सीडीवर निवांत ऐकता आलं. कापलेल्या, बदललेल्या गोष्टी ऐकल्या की कळतं, अंतिम रूप हे किती निर्णयांवर उभं असतं.

पण तिथेही वाट संपली नव्हती. काही तुकडे अजून बाहेर होते, काही ठिकाणी आवाज दबका होता. २०१७ मध्ये चित्रपटाला चाळीस वर्षं झाली. नव्यानं स्वच्छ केलेली प्रत सप्टेंबरात चित्रपटगृहांत लागली, आणि वर्ष सरता सरता ला-ला लँड रेकॉर्ड्सनं मॅटेसिनोंनी सिद्ध केलेली दोन सीड्यांची आवृत्ती काढली. टेपवर होतं ते नव्यानं उजळून निघालं होतं. मंद्रातले आवाज पोटात जाणवत होते. गायकवृंदातल्या स्त्रियांचा श्वास ऐकू येत होता. ज्या वादकांनी ते वाजवलं त्यांतले किती तरी तोवर गेले होते. त्यांचा एका दुपारचा श्वास मात्र टेपवर राहिला होता.

आपल्याकडची रिळं

हा आनंद भोगताना मनात एक सल राहतो. आपल्या चित्रपटांचं पार्श्वसंगीत कुठे आहे?

आपल्याकडे तबकडी निघायची ती गाण्यांची. पार्श्वसंगीत स्वतंत्रपणे क्वचितच आलं. ‘शोले’च्या संवादांची तबकडी पॉलिडोरनं काढली आणि ती गावोगावच्या लग्नमांडवांत वाजली, राहुल देव बर्मन यांनी त्यात भरलेला ताण लोकांच्या कानांवर गेला तो संवादांच्या पाठीमागून. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलेले भास्कर चंदावरकर यांनी ‘सामना’सारख्या मराठी चित्रपटात संगीताचा किती संयमानं वापर केला, हे आपण वर्गात बोलतो. त्या पार्श्वसंगीताची स्वतंत्र तबकडी काढून घरी बसून ऐकावं, ही सोय मात्र आपल्याला नाही.

२००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या तिजोरीला आग लागली आणि प्रभातच्या काळातली रिळं जळाली. ती बातमी वाचून अनेकांनी घरात माणूस गेल्यासारखं दुःख केलं. टेप आणि फिल्म सांभाळणाऱ्या माणसांची किंमत अशा वेळी कळते. मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था सुरू झाली. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जमवणाऱ्या, त्यांचे क्रमांक लावणाऱ्या, त्यांवर लिहिणाऱ्या माणसांचा हा मेळ. एका तबकडीच्या मागे वर्षानुवर्षं हिंडणारे हे लोक आणि ‘क्लोज एन्काउंटर्स’च्या दोन मिनिटांसाठी थांबलेले लोक एकाच जातीचे आहेत. कुणीतरी ऐकायला थांबलेलं आहे, ही जाणीव असली तरच गोदामातलं खोकं उघडण्याची तसदी कुणी घेतो. म्हणून वाट पाहणं हेही जतनाचंच काम आहे, असं मी मानतो.

२०२७ मध्ये ‘क्लोज एन्काउंटर्स’ला पन्नास वर्षं पूर्ण होतील. चाहते पुन्हा कान टवकारून बसतील, मीही बसेन.

चित्रपटाच्या अखेरीस यानातून एक पाहुणा बाहेर येतो. त्याच्यासमोर लाकोंब उभा आहे. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. लाकोंब हात उचलतो आणि भारतातून आलेल्या टेपवरच्या त्या पाच सुरांच्या खुणा एकामागून एक करतो. पाहुणा क्षणभर पाहतो. मग आपले लांब, नाजूक हात उचलून त्याच खुणा परत करतो, आणि हसतो.

परवा पुण्याला जाताना टोलनाक्याच्या रांगेत मी काच खाली केली. डोंगरावर ढग उतरले होते. मी हळूच वरचा रे लावला, मग ग, मग सा, आणि थांबलो. मागच्या सीटवर माझी धाकटी भाची बसली होती. तिला चित्रपट ठाऊक नाही, हाळ ठाऊक नाही. घरी सीडी वाजते तेवढीच तिची ओळख. ती खिडकीबाहेर पाहत होती. तिनं मान न वळवता खालचा सा लावला, आणि प.